स्टिअरिंग थडथडतंय? डँपर बदलायच्या आधी गाडीखाली झोपा

जिप्सी घेतल्यावर तिसऱ्याच रविवारी ताम्हिणीतून उतरताना पुढचं डावं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि गाडीचा पुढचा अख्खा भाग असा काही थडथडायला लागला की मला वाटलं चाकं निघून चालली. स्पीड जेमतेम पंचावन्न. स्टिअरिंग हातात धरवेना, बायको दाराचा दांडा धरून बसलेली, मागच्या एसटीवाल्याचा हॉर्न चालू. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडी वीस-पंचवीसवर आली तशी थडथड आपोआप थांबली आणि पुढे घरापर्यंत काहीच नाही, जणू काही झालंच नव्हतं.

मिस्त्रीकडे नेली तर त्याने न बघताच सांगितलं, डँपर गेलाय साहेब. (डँपर म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप.) डँपर बदलला, तीन आठवडे मस्त, चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग दोनदा अलाइनमेंट केली, मग टायरॉड एंड, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे, बदलले, पैसे गेले ते गेले आणि गाडी तशीच. शेवटी एका दुपारी मेव्हण्याला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः खाली झोपलो आणि तासाभरात कळलं की उजव्या बाजूच्या किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं, बेअरिंग खुळखुळा झालंय. डँपरने तो प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, नुसता झाकला होता. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, पार्ट बदलायच्या आधी नक्की कुठे काय हलतंय ते डोळ्याने बघायचं आणि ते ठराविक क्रमाने बघायचं. तो क्रम नवीन लोकांसाठी लिहून ठेवतोय.

आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा. समोर उकिडवं बसून बंपरखालून डोकवा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लांब लोखंडी नळी आणि मध्ये कुठेतरी डिफरन्शियलचा गोळा दिसला तर तुमच्याकडे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे जिप्सी, जुन्या एमएम ५४० सारख्या जीपा, किंवा २०२३ ला आलेली जिमनी. दोन्ही चाकांना वेगवेगळे विशबोन हात दिसले तर इंडिपेंडंट, म्हणजे २०२० ची नवी थार किंवा व्ही-क्रॉस पिकअप. मी मुख्यतः पहिल्या जातीबद्दल बोलणार आहे कारण थडथडीचं खरं दुखणं तिथेच जास्त, आणि मला तीच येते. दुसरीबद्दल शेवटी थोडं आहे.

आता साखळी समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर चालतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, ते कॉलममधून, एखाद्या रबरी जॉइंटमधून किंवा क्रॉसमधून (युनिव्हर्सल जॉइंट) स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं. बॉक्सच्या खाली एक आखूड हात लटकतो तो पिटमन आर्म. त्याला जोडलेला दांडा म्हणजे ड्रॅग लिंक, तो एका चाकाच्या नकलला, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या तुकड्याला, ढकलतो, आणि त्या नकलपासून दुसऱ्या चाकाच्या नकलपर्यंत जाणारा लांब दांडा म्हणजे टायरॉड. नकल ज्याच्यावर फिरतो तो किंगपिन, वर एक खाली एक. अ‍ॅक्सल स्वतः जिप्सी-जीपमध्ये पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) यू बोल्टने बांधलेला, आणि पाटे बुश (रबरी कड्या) आणि शॅकलने (झुलत्या जोडपट्टीने) चासीला. यातला एक जरी सांधा ढिला झाला तरी तुमच्या हाताला तो फक्त 'स्टिअरिंगमध्ये प्ले आहे' एवढाच कळतो, कुठला ते कळत नाही. म्हणून हाताने नाही, डोळ्याने शोधायचं.

खाली झोपायच्या आधी मोबाईलमध्ये लिहून काढा की त्रास नक्की कधी होतो. कुठल्या स्पीडला, खड्डा लागल्यावर की गुळगुळीत रोडवरसुद्धा, ब्रेक मारल्यावर की नुसतं चालताना, टू एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात) की फोर एचमध्ये (चारही ओढतात), हब (पुढची चाकं आतल्या शाफ्टला जोडणारे) लॉक होते की फ्री, डावीकडे वळताना की उजवीकडे. हे फालतू वाटतं पण अर्धं निदान इथेच होतं. ठराविक स्पीडला सुरू होऊन पुढे कमी होणारी बारीक थरथर ही बहुतेक वेळा टायर-रिमची असते, खड्डा लागल्यावर सुरू होऊन थांबतच नाही अशी थडथड ही ढिल्या सांध्यांची, आणि फक्त ब्रेक मारल्यावर येणारी थरथर ही डिस्क किंवा ड्रमची, तिथे स्टिअरिंगच्या मागे लागू नका.

आणि हो, चालत्या गाडीत थडथड सुरू झालीच तर करकचून ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट पण शांत धरा, गाडी हळूहळू कमी होऊ द्या आणि बाजूला घ्या. अंगठे स्टिअरिंगच्या रिमच्या आत अडकवायचे नाहीत, वरून ठेवायचे. स्टिअरिंगने झटका दिला तर आतला अंगठा मुरगळतो किंवा मोडतो.

टायरपासून सुरुवात

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी. टायर थंड असताना हवा बघा, पुढच्या दोन्ही टायरमध्ये सारखी हवी. ऑफरोडिंगला हवा कमी करून जातात आणि परत येताना भरायला विसरतात, मग स्टिअरिंग जड झालं म्हणून मिस्त्री गाठतात, हे मी किती वेळा बघितलंय. दुसरी गंमत म्हणजे चिखल. पावसाळ्यात मुळशी-भोरच्या बाजूला चिखलात खेळून आलात की रिमच्या आतल्या बाजूला पाव-अर्धा किलो चिखल चिकटून वाळतो आणि दुसऱ्या दिवशी हायवेवर सत्तरला गाडी थरथरायला लागते. बॅलन्सिंगला पैसे घालवायच्या आधी पाण्याचा पाइप रिमच्या आतून मारा, बोटाने कोपरे साफ करा. हसू नका, माझ्याच बाबतीत झालंय.

मग चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या जवळ एक खडू स्थिर धरा, टायर वर-खाली होतोय का, डाव्या-उजव्या बाजूला लचकतोय का ते लगेच दिसतं. कुठे फुगवटा दिसला तर आतली तार तुटलीय, तो टायर सरळ काढा. शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. थरथर बदलली, म्हणजे स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली आली, तर दोष टायर-रिमचाच. रिम वाकलाय का तेही याच वेळी कळतं. मोठे टायर टाकले असतील, जिप्सीला बरेच जण २३५/७५ आर १५ टाकतात, तर लक्षात ठेवा की जड चाक प्रत्येक सांध्यावर जास्त ओढ देतं, जो प्ले छोट्या टायरवर जाणवत नव्हता तो आता जाणवणार.

फोर एचमध्ये विसरला नाहीत ना?

हा प्रश्न अपमान वाटेल पण विचारतोच. या गाड्यांची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम असते, मध्ये डिफरन्शियल नसतं, म्हणजे पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले. वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची छोटा. चिखलात, वाळूत टायर घसरून हा फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघत नाही, मग सगळी ओढ गिअर आणि शाफ्टमध्ये साठते आणि स्टिअरिंग जड लागतं, वळताना गाडी अडखळल्यासारखी चालते, सोडलं की झटक्याने सरळ होते. नवीन माणसाला वाटतं स्टिअरिंग बिघडलं. टू एच टाका, लिव्हर निघत नसेल तर थोडं रिव्हर्स जाऊन पुन्हा प्रयत्न करा, मॅन्युअल हब असतील तर दोन्ही बाजूचे फ्री आहेत का ते उतरून हाताने बघा. नुसता एकच लॉक राहिला तरी विचित्र वागते.

मेव्हणा स्टिअरिंगवर, आपण खाली

आता मुख्य तपासणी. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच ठेवायची, उचलायची नाही, कारण गाडीचं वजन सांध्यांवर असतानाच प्ले दिसतो. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. साधं स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायला लागतं आणि मग पंखा-बेल्टपासून हात, बाह्या, ओढणी सगळं लांब.

आत बसलेल्या माणसाला सांगा, पूर्ण फिरवू नको, सरळपासून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, एकसारखं हलवत राहा, घड्याळात दहा ते दोन वाजतात तेवढं. जो बसेल तो दोन मिनिटांनी कंटाळून मोबाईल बघतो, त्यामुळे चहाचं आमिष ठेवा.

वरून सुरुवात करा. कॉलमचा शाफ्ट फिरतोय पण रबरी जॉइंटच्या पलीकडचा भाग उशिरा फिरतोय का? रबर चिरलं असेल तर तिथेच प्ले सापडला. मग बॉक्सवर या. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण पिटमन आर्म हलत नाही, तो जो मधला मोकळा भाग आहे तो बॉक्सचा प्ले. आणि बॉक्स स्वतः चासीवर हलतोय का तेही बघा, बोल्ट ढिले असतात, आणि जुन्या, बऱ्याच हाणलेल्या गाड्यांमध्ये बॉक्सच्या जागेवर चासीला बारीक चीर गेलेली असते, गंजाची उभी रेघ दिसली तर वायर ब्रशने घासून नीट बघा. ही चीर असेल तर बाकी सगळं थांबवा, आधी ते वेल्डिंग आणि तेही चासीचं काम येणाऱ्या माणसाकडूनच.

मग पिटमन आर्मपासून प्रत्येक बॉल जॉइंटवर दोन बोटं अशी ठेवा की एक दांड्यावर आणि एक आर्मवर. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो, एक भाग आधी सरकतो आणि दुसरा टक करून मागून येतो. टायरॉड स्वतःभोवती थोडा गोल फिरतो ते चालतं, तो दोष नाही, पण वर-खाली किंवा आत-बाहेर उचकला तर एंड गेला. काही वेळा एंड नवा कोरा असतो आणि तरी हलतो, तेव्हा खालचा नट बघा, ढिल्या नटावर गाडी बरीच पळवली असेल तर आर्ममधलं निमुळतं भोक अंडाकृती होतं, मग कितीही एंड बदला, बसणारच नाही.

शेवटी पाट्यांकडे बघा. स्टिअरिंग हलवल्यावर चाक वळायच्या आधी अख्खा अ‍ॅक्सलच बाजूला सरकतोय का? थोडंसं शॅकल झुकणं नॉर्मल आहे, पण बुश सोलून लोखंडावर लोखंड घासत असेल किंवा यू बोल्टच्या खालची पट्टी हलत असेल तर ते आधी. जुन्या गाडीत बुश ही गोष्ट सगळ्यात शेवटी आठवते आणि बऱ्याचदा तीच दोषी निघते, किंमत पण फार नसते.

जॅकवर: बारा-सहा आणि तीन-नऊ

आता पुढचं एक चाक उचला, अ‍ॅक्सलखाली घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर कधीच नाही, विटांच्या थप्पीवर तर अजिबात नाही, वीट फुटते.

चाक वर आणि खाली धरा, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी, आणि वरचं ढकला खालचं ओढा, उलटसुलट. खुट खुट झालं तर दोनच शक्यता, व्हील बेअरिंग किंवा किंगपिन. कुठलं ते ओळखायची युक्ती एकदा शिकलात की आयुष्यभर पुरते: आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाक आणि नकल एकमेकांना घट्ट होतात, त्यामुळे खुट खुट बंद झाली तर प्ले व्हील बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही हलतंय तर किंगपिन, किंवा इंडिपेंडंट गाडीत बॉल जॉइंट. व्हील बेअरिंग असेल तर नशीब समजा, बरेचदा नट अ‍ॅडजस्ट करून भागतं, पण बेअरिंग काढून ग्रीस आणि रोलर बघितल्याशिवाय नुसता नट आवळू नका, निळसर डाग किंवा खड्डे पडलेले रोलर आवळले की ते तापून अडकतात.

मग तीन-नऊला, म्हणजे डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. इथे दुसरं चाक जमिनीवर आहे त्यामुळे टायरॉडचा प्ले चटकन दिसतो. बारा-सहाला काही नाही आणि तीन-नऊला आहे तर एंड, बॉक्स, त्या बाजूचं काहीतरी.

किंगपिन, म्हणजे खरा चोर

जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं टोक एक मोठी गोल वाटी असते, तिच्या आत सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा शाफ्टचा सांधा) आणि ग्रीस, आणि वर-खाली एक एक किंगपिन छोट्या टेपर बेअरिंगमध्ये. वाटीच्या मागच्या बाजूला फेल्ट आणि रबराचं सील. पाण्यात गाडी घातली, ओढा पार केला, की फेल्ट पाणी पितं, चिखल आत जातो, आणि बेअरिंग गंजायला लागतं. दुसरं म्हणजे अ‍ॅक्सलच्या आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं गिअर ऑइल वाटीत येतं आणि ग्रीसचं पातळ काळं पाणी करून टाकतं, ते वाटीखालून टायरच्या आतल्या बाजूला ओघळतं. चाकाच्या आत काळा ओशट ओघळ दिसला की समजायचं किंगपिन बेअरिंग बिनग्रीसचं चाललंय.

वरच्या किंगपिनखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात, त्या कमी केल्या की बेअरिंगवर दाब वाढतो. हा दाब, प्रीलोड, हीच थडथडीवरची खरी दवा. मोजायची पद्धत साधी आहे, टायरॉड-ड्रॅग लिंक सोडवायचे, मागचं सील काढायचं, आणि नकलच्या आर्ममधे टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं, नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काट्यावर किती येतं ते बघायचं. जिप्सीच्या वर्गातल्या गाडीला साधारण एक ते पावणेदोन किलो लागतं. अर्ध्या किलोतच हललं तर ढिलं. काटा मासे-भाजीवाल्याचा लटकता असतो ना तोच चालतो, फक्त आधी एक किलोची साखरेची पिशवी लावून खरा आहे का बघा.

पण थांबा, प्रीलोड कमी दिसला म्हणून लगेच शिम काढून आवळू नका. बेअरिंग बाहेर काढा, कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) आतून बोट फिरवा. सरळ रोडवर गाडी चालत असताना रोलर तिथल्या तिथे दणके खातात त्यामुळे कपवर बारीक आडव्या खाचा पडतात. अशा बेअरिंगला आवळलं की स्टिअरिंग मधोमध खाचेत बसतं आणि तुम्हाला ते जड, अडखळत चालणारं लागतं. नवीन बेअरिंग, दोन्ही बाजूंना, वर-खाली चारही, आणि फेल्ट-सीलचा सेट सोबतच. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर मिळून जातं, पण जुनं बेअरिंग खिशात घेऊन जा, नंबर वाचून घ्या, दुकानदाराच्या 'हेच लागतं' वर विसंबू नका.

बॉक्सचा स्क्रू

आता मोहाची गोष्ट. बॉक्सच्या वर एक स्क्रू असतो, त्याला लॉक नट. कुणीतरी सांगतं, तो पाव फेरा आवळ, प्ले गायब. होतो गायब, खरंय, पण बॉक्स सरळ चालताना मधल्या भागात सगळ्यात जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवाच राहतो. मधला प्ले शून्य करायला आवळत गेलात की टोकाला बॉक्स घट्ट होतो, घाटात पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंग परत येत नाही. म्हणून आधी वर सांगितलेले सगळे सांधे निर्दोष करा, मग चाकं सरळ ठेवून स्क्रू थोडा थोडा, आठवा भाग फेरा, आणि प्रत्येक वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा कुठे अडतंय का. जुन्या बॉल-नट बॉक्सला स्टिअरिंगच्या रिमवर साधारण इंचभर प्ले राहणारच, नवीन हॅचबॅकसारखं लागलं पाहिजे असा हट्ट नको. बॉक्समधलं तेल पण बघा, प्लग उघडून करंगळी घाला, कोरडी निघाली तर पुढचं सांगायला नको.

अलाइनमेंटवाल्यांची एक सवय मला डोक्यात जाते. गाडी सरळ चालतेय पण स्टिअरिंग तिरकं, तर ते स्टिअरिंगच काढून स्प्लाइनवर (शाफ्टच्या दात्यांवर) दुसरीकडे बसवतात. दिसायला सरळ, पण बॉक्स आता मध्यावर नाही, त्याचा जो घट्ट मध्य असतो तो एका बाजूला गेला. बरोबर पद्धत म्हणजे पिटमन आर्म मध्यावर ठेवून ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची. बॉक्स मध्यावर आहे का बघायचं तर ड्रॅग लिंक सोडवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे जातं ते मोजा आणि निम्मे मागे या.

लिफ्ट केली असेल तर

सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, हात सोडले तरी ती सरळ जाते त्यात त्याचाही हात असतो. गाडीत किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं, जिप्सीला साडेतीन अंशांच्या आसपास, त्यालाच कॅस्टर म्हणतात. हे कमी झालं की स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, हायवेवर गाडी इकडे-तिकडे भटकते आणि थडथड सुरू व्हायला छोटासा खड्डाही पुरतो.

जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. तिथे लांब शॅकल टाकून गाडी उचलली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर गेला. स्वस्त लिफ्टचा हा हमखास त्रास आहे, आणि सॉलिड अ‍ॅक्सलवर कॅस्टर किंवा कँबर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय ते) अलाइनमेंटच्या मशीनवर बदलता येत नाही, फक्त टो (पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) बदलतो, त्यामुळे चार ठिकाणी अलाइनमेंट करून काही होत नाही. उपाय म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर, पण पाचर टाकली की डिफरन्शियलचं तोंडही फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो, फोर एचमध्ये थरथर आली तर ते त्यामुळे. शिवाय लिफ्टने ड्रॅग लिंक जास्त तिरका होतो, मग खड्ड्यात अ‍ॅक्सल वर-खाली झाला की स्टिअरिंग आपोआप फिरतं. गाडी घेताना मागच्या मालकाने काय काय लावलंय ते विचारा, बरेचदा उत्तर तिथेच असतं.

टो घरीच बघता येतो. दोन्ही टायरवर मध्यभागी खडूची खूण, चाकाच्या मध्याच्या उंचीला पुढून टेपने अंतर मोजा, गाडी थोडी ढकलून त्याच खुणा मागे आणा, मागून मोजा. जिप्सीसारख्या गाडीला पुढचं अंतर दोन ते सहा मिलीमीटर कमी हवं. दोघांनी मोजा, एकट्याचा टेप झोळ खातो.

एका बाजूला ओढते

आपण डावीकडून चालवतो आणि रोड पाणी वाहून जायला कडेला उतरता असतो, त्यामुळे थोडी डावीकडे ओढणारच, ते दुखणं नाही. एखाद्या मोठ्या सपाट मोकळ्या जागेत बघा. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करा. ओढ बाजू बदलली तर टायर. नाही बदलली तर दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून या आणि दोन्ही हबच्या जवळ हाताची मागची बाजू न्या, लावू नका, नुसती जवळ. एक बाजू जास्त तापलीय तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहतोय.

तेही नसेल तर टेप काढा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलीमीटर, पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूला एखादा सेंटीमीटर कमी-जास्त निघाला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय. हे मी एका मित्राच्या जीपमध्ये बघितलं, त्याने त्याआधी सहा महिने टायर झिजवले होते.

वळताना टक टक

पूर्ण वळवून हळू चालवताना टक टक येत असेल तर हब फ्री करून टू एचमध्ये तीच फेरी मारा. आवाज गेला, तर सीव्ही जॉइंट, कारण हब फ्री असले की आतले शाफ्ट फिरतच नाहीत. आवाज तसाच राहिला तर किंगपिन, व्हील बेअरिंग, स्टॉपर बोल्ट (चाक किती वळेल ते अडवणारा) किंवा मडगार्डला घासणारा मोठा टायर. काही जुन्या जीपमध्ये सीव्हीऐवजी साधा क्रॉस असतो, तिथे हब लॉक करून पूर्ण वळवलं की स्टिअरिंग झटके देतं, तो त्या क्रॉसचा स्वभावच आहे, बदलून काही होत नाही.

थार, पिकअप वगैरे

इंडिपेंडंट गाडीत बारा-सहाची तपासणी खालच्या आर्मखाली जॅक लावून करा, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने बॉल जॉइंटचा प्ले दिसत नाही. बॉक्सऐवजी रॅक असेल तर दोन्ही बाजूंचे रबरी बेलो दाबून बघा, आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलं. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचं तेल फेसाळलेलं असेल आणि वळवताना घूं घूं येत असेल तर कुठून तरी हवा ओढतंय, पंप बदलायच्या आधी पाइपांच्या क्लिपा बघा. जागच्या जागी वळवताना चीं चीं आवाज आला तर बहुतेक बेल्ट. बाकी या गाड्यांना अलाइनमेंट मशीनवर खरंच उपयोग होतो, तिथे कंजुषी नको.

सगळं जोडताना

प्रत्येक एंडच्या नटला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालायची पिन) नवीन. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, कधीही मागे सोडून नाही. यू बोल्ट काढले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, पाटे बसतात आणि ते ढिले होतात.

आणि डँपर सगळ्यात शेवटी. सगळे सांधे झाले की डँपर एका बाजूने सोडवून तारेने वर बांधा आणि ओळखीच्या रिकाम्या रोडवर, चाळीसच्या आत, एखाद्या छोट्या खड्ड्यातून गाडी न्या. चाकं एकदा हलून शांत झाली तर तुमचं काम झालं, डँपर जोडा आणि मगच स्पीड वाढवा. हलत राहिली तर अजून काहीतरी ढिलं आहे, पुन्हा खाली झोपा. सोडवलेला डँपर हाताने ओढून-ढकलून बघा, दोन्हीकडे एकसारखा जड लागला पाहिजे, मध्येच मोकळा सुटला किंवा दांड्यावर तेल आलं असेल तर तेव्हा बदला. माझा तो दुसऱ्यांदा घातलेला डँपर अजून तसाच आहे, चांगला चालतोय.